चाकातून निघालेला चिमटा

गेल्या पोळ्याला आमच्या लाल कंधारी जोडीतल्या डाव्या बैलाची घुंगरमाळ ऐन मिरवणुकीत, मारुतीच्या पारापाशी सुटली. निम्मे घुंगरू रस्त्यावर सांडले. पोरांनी वेचून दिले, तरी सव्वीसातले चार गेलेच. ती कातडी पट्ट्याची माळ वडिलांनी पूर्वी कधीतरी माळेगावच्या जत्रेतून आणलेली. आदल्या वर्षीच शिवण उसवली म्हणून मी ती तालुक्याला मशीनवर मारून आणली होती, त्यामुळे दोष माझ्याच माथी आला.

मशीनच्या शिवणीत दोन दोरे असतात, एक वरून आणि एक खालून, आणि ते कातड्याच्या पोटात एकमेकांना नुसते अडकवलेले असतात. एक टाका झिजून तुटला की शेजारचे एकेक करून सैल पडतात. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढतात. तिथं एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून राहतो. खोगीर, लगाम असंच शिवतात, कारण घोडा उधळला की टाक्याचा कस लागतो. बैलाचंही तेच.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक स्क्रू दिवसभर हाताळतो, तेव्हा सुई काय जड जाणार, असं वाटलं होतं. पण दोन सुयांना दोन हात लागतात आणि माळ धरायला तिसरा हात कुठून आणणार? गुडघ्यात धरली तर दोरा ओढला की निसटते. शेजारच्या गॅरेजातल्या व्हाइसमध्ये आवळली तर त्याचे दात कातड्यावर उमटले. वडिलांनी ते व्रण बघितले आणि काही न बोलता तंबाखू मळत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

शिवताना कातडं धरून ठेवणारा लाकडी चिमटा मी फोनवर बघितला होता. तसा वापरता का, असं बसस्टँडजवळ बसणाऱ्या चर्मकार मामांना विचारलं. ते हसले. "आमच्या बापानं कवा चिमटा वापरला न्हाई. पायाच्या अंगठ्यानं धरायचा अन् मांडीवरून पट्टा घ्यायचा. तुला तसं बसता येतंय का मांडी घालून चार तास?" येत नव्हतं. माळ शिवून देता का म्हटलं, तर पोळ्याआधी हातात चाळीस कामं. पण आरी, म्हणजे कातड्याला भोक पाडायचा टोच्या, कशी धरायची ते त्यांनी तिथंच दाखवलं. चुलत्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "हे काम आपलं हाय का रे?" माझ्याआधी वडीलच बोलले, "माळ आपली हाय."

पहिला चिमटा मी टीव्हीच्या खोक्यातल्या पॅकिंगच्या फळ्यांचा केला. दीड फुटाच्या दोन सरळ फळ्या, खाली बिजागरी, मधून बोल्ट. साधा पट्टा त्यात बरा बसला. घुंगरांची माळ मात्र धरेना. कड तोंडात धरायला गेलं की घुंगरू फळ्यांच्या मध्ये अडकायचे, आणि तोंड मिटायचंच नाही. नट जोरात आवळला तेव्हा दोन घुंगरू चेपले आणि फळी तडकली.

विलायती खोगीरवाले हा चिमटा दारूच्या जुन्या पिंपांच्या फळ्यांपासून बनवायचे, हे मी फोनवर बघितलेलं. पिंपाची फळी बाकदार असते. तेव्हा वाटलं होतं, फुकटात मिळत असेल म्हणून वापरत असतील. चेपलेले घुंगरू हातात घेतले तेव्हा कळलं. बाकदार फळ्या समोरासमोर लावल्या की तोंडं जुळतात आणि पोटात पोकळी राहते. बकल असो, घुंगरू असो, तिथं लोंबत राहतं.

पिंप आमच्याकडे कुठलं? पण गोठ्यामागं मोडक्या बैलगाडीचं एक चाक पडलं होतं. लोखंडी धाव कधीच भंगारात गेलेली, दोन-तीन आरे चुलीत गेलेले. पण ज्या वाकड्या तुकड्यांनी चाकाची गोलाई बनते ते शाबूत, अस्सल बाभळीचे. त्यातले दोन काढले. सुतारानं बँड सॉवर गोलाई धरून बाहेरचा भाग उतरवला, जाडी चार इंचांवरून एक इंचावर आणली आणि अठरा इंचांवर टोकं तोडली. रुंदी अडीच इंच होती तशीच ठेवली. दोन्ही समोरासमोर उभे केले तर मधोमध पावणेतीन इंचांची पोकळी निघाली. मोजून मी तिथंच हसलो. सुताराला वाटलं, माझं काही हरवलं.

खरं दुखणं त्यानंतर होतं. वर्षानुवर्षं वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंडच. ड्रिलच्या बिटमधून धूर निघाला. बिजागरीचा पहिला स्क्रू मी भोक न पाडता घुसवला, तर टोकाला उभी चीर गेली. तिथं आता तारेचे वेढे आहेत, दिसायला वाईट पण घट्ट. पुढच्या स्क्रूंना आधी बारीक भोक पाडलं आणि आट्यांना साबण चोळला. मधोमध तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सहा इंची बोल्ट घातला. त्यावर दोन कानांचा नट, म्हणजे पाना लागत नाही. दोन्ही जबड्यांच्या मध्ये बोल्टवर भंगारवाल्याकडची बोटभर लांब स्प्रिंग ओवली, की नट सैल करताच तोंड आपोआप उघडावं.

उघडेना. एक दिवस त्यात गेला. कारण साधं होतं. जबडा बिजागरीवर कलतो, बोल्ट मात्र सरळ राहतो, त्यामुळे गोल भोकात तो तिरका होऊन अडायचा. एका बाजूचं भोक कानशीनं वर-खाली लांबवलं तेव्हा मोकळा झाला. तोंडाचे काठही असे घासले, की वरची कड आधी टेकावी आणि खाली केसभर फट राहावी. आधी खालचा भाग टेकत होता आणि वर माळ हलत होती. शेवटी तोंडाला आतून जुन्या चपलेच्या कातड्याची पट्टी डकवली, म्हणजे व्रण पडत नाहीत.

आता शिवण. कडेपासून दोन सूत आत रेघ मारली आणि घरातल्या जेवणाच्या काट्यानं खुणा केल्या. एक दात भोकात, पुढचा दात पुढच्या खुणेवर. पाच मिलिमीटरच्या हिशेबानं तीन फुटांच्या माळेला एका कडेला 180 च्या वर टाके आले. सुयांची टोकं दगडावर घासून बोथट केली, कारण टोकदार सुई भोकातल्या पहिल्या दोऱ्यालाच छेदून जाते. शिवणीच्या चौपट दोरा लागतो. सगळा एकदम ओवला तर हात पुरत नाहीत, म्हणून फूटभर शिवणीचा दोरा घ्यायचा, संपताना तीन टाके मागं यायचं आणि तिथून नवा धरायचा. आरी प्रत्येक वेळी एकाच कलानं, डावी सुई आधी, दोन्हीकडून सारखी ओढ. पहिली कड नागमोडी झाली. दुसरी सरळ आली. रात्री दुकान बंद करून अंगणात खुर्चीवर बसायचो, चिमटा मांड्यांमध्ये धरून. दोरा ओढला की पोकळीतले घुंगरू वाजायचे आणि गोठ्यातला बैल कान टवकारायचा.

सहा रात्री लागल्या. गेलेल्या चार घुंगरांच्या जागी नवे आणले, त्यांचा आवाज जरा पातळ आहे. खांदेमळणीच्या संध्याकाळी माळ मामांना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, मागची बाजू बघितली, नखानं एक टाका उचलायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "हितं सात-आठ टाके ढिले हायेत. बाकी चालतंय." आणि चिमटा मांडीत धरून बघितला, नट दोनदा फिरवला. "मला एक करून दे. आता गुडघे ऐकंनात."

चाकाचे चार तुकडे शिल्लक आहेत. सुताराकडे टाकलेत.