उमेश यादव आन् कापसाची गाडी

आज कापूस घेऊन जिनिंगवर, म्हंजे सरकी काढाच्या मिलवर, गेलो तं लाईन एवढी की दुपारी 2 वाजले तरी आमच्या गाडीचा नंबर नाई, मंग काय, चहा आन् क्रिकेट. समोरच्या गाडीवाला पोरगा म्हने काका, उमेश यादव आपला विदर्भाचा म्हनून तुमी लोकं त्याले डोक्यावर घेता, नाई तं तो रन वाटनारा बॉलर. मले लय राग आला राजेहो. पन खरं सांगू, पोरगं अर्धं बरोबर होतं. 2015 च्या वर्ल्डकप सेमीफायनलमधे ऑस्ट्रेलियाच्या 4 विकेटा काढल्या आन् 9 ओव्हरमधे 72 रन बी देल्ले. 3 बॉल झकास, चवथा पॅडवर, गेला चवका. हे मी बी पायलं हाये.

पन त्याच वर्ल्डकपमधे 18 विकेटा, भारताकडून सगळ्यात जास्त, हे काहून विसरता बे? आन् 2019 ची रणजी सेमीफायनल, केरळच्या दोन डावांत 7 आन् 5 विकेटा, म्हंजे एकाच मॅचमधे 12.

मी खिशातला संत्रा काढला, दोन बोटं त्याच्यावर ठेवून आऊटस्विंगची सीम दाखवाले लागलो, बोटाले कापसाचे तंतू चिकटलेले, तं ते पोरगं संत्र्याकडंच पाहे. शेवटी सोलून अर्धा त्यालेच देल्ला.

खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विदर्भाकडून टेस्ट खेळनारा पयला, 57 टेस्टमधे 170 विकेटा. बुमराहसंग तोलू नका, पन फुकटचं नाव नाई ते.

गाडीचा काटा, म्हंजे वजन, झाला संध्याकाळी 6 ले. कापसाच्या भावाचं विचारूच नका.