पुरात वाळवंट

पुस्तक आणि मी, आमचं कधी जमलंच नाही. शाळेत धडा संपायच्या आत मला डुलकी लागायची. पुढं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो, तेव्हापासून वाचलं ते मशीनचं मॅन्युअल. तेही काही बिघडलं तरच.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी. घरी बसून करायचं काय? भाचीनं फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' हातात दिलं. "मामा, वाच की. मी दोनदा वाचून बसलोय." सवयीनं जाडी मोजायला व्हर्नियर लावला. चाळीस मिलिमीटरला जरा कमी! आणि वर इंग्रजी.

पहिली पन्नास पानं डोक्यावरून गेली. मग शेवटी शब्दांची यादी सापडली, थेट स्पेअर पार्टच्या लिस्टसारखी. तिथं एक बोट ठेवलं आणि गाडी रुळावर आली.

अराकिस नावाचा ग्रह. नुसती वाळू. तिथली माणसं अंगभर सूट घालतात. घाम, श्वासातली वाफ, सगळं गाळून परत पितात. पंप चालतो तो चालण्यावर आणि श्वासावर. बाहेर धो धो पाऊस, आणि मी आपला विचार करतोय, हे लोक गळती थांबवायला ऑइल सील कुठलं वापरत असतील?

एका ठिकाणी टोळीचा म्होरक्या राजाच्या टेबलावर थुंकतो. सगळे खवळतात. मग कळतं, त्यानं अंगातलं पाणी देऊन मान राखलाय. मी एकटाच मोठ्यानं हसलो. मावा खाऊन आमच्या कारखान्याचा जिना रंगवणारे तिथं केवढे दानशूर ठरले असते!

हसू फार टिकलं नाही. शिंगणापूरचं उपसा केंद्र बुडाल्यानं नळ बंद होते. दारात नदी आणि मी दोन कळशा घेऊन टँकरच्या रांगेत. पुढच्या बाईंच्या बादलीतलं पाणी हिंदकळलं, तर अख्खी रांग हळहळली. घरी येऊन राहिलेलं पान वाचलं, तेव्हा यादीत बोट घालावं लागलं नाही.

भाची म्हणाली, वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९६५ साली हे पुस्तक चिल्टननं छापलं. ही कंपनी प्रसिद्ध कशासाठी, तर मोटारदुरुस्तीच्या मॅन्युअलसाठी. मला उगाचच बरं वाटलं.

शेवटची साठ पानं राहिली होती. रस्ते मोकळे झाले आणि मालकांचा फोन आला. "पाणी उतरलं न्हवं?"

"न्हाई ओ मालक," मी पान दुमडत म्हणालो, "आमच्याकडं अजून गुडघाभर हाय."