'तुरळक ठिकाणी' म्हणजे आमच्या वावरात का?

कपाशीवर फवारणी झाली आणि दोन तासांत पाऊस आला, तर औषध, मजुरी आणि दिवस तिन्ही मातीत जातात. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आमची कोरडवाहू कपाशी आणि मूग आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यात ठरवलं, की हवामानाचा अंदाज नीट समजून घ्यायचा आणि जोडीला ढग ओळखायला शिकायचं. अप्पा अंगणात उभे राहून "आभाय भरी उनं" म्हणतात तेव्हा ते खरंच असतं. पण भरलेलं आभाळ बरसणार की नुसतं पुढे जाणार, एवढं मला हवं होतं.

आधी अंदाजाची भाषा. हवामान खातं 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणतं, तेव्हा त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के. आमचा जिल्हा रावेरपासून चाळीसगावपर्यंत पसरलेला, आणि त्याला अंदाजाची एक ओळ. तुरळक पाऊस अडावदला पडला आणि आमच्याकडे थेंब नाही, तरी अंदाज बरोबरच असतो. गावात अंदाजावर जो राग निघतो तो बराचसा इथूनच येतो, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. मे २०२५ पासून खात्याचं नवं मॉडेल १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब मांडतं. पण आमचं वावर त्या चौकटीतला एक कोपराच. तिथलं शेवटचं उत्तर डोक्यावरच्या ढगातच शोधावं लागतं.

शाळेच्या भूगोलात ढगांचे दहा प्रकार होते. सगळे पाठ करायची गरज पडली नाही. अवघड गेलं ते गोळ्यागोळ्यांचे ढग वेगळे करणं, आणि त्याला बोटांचं माप कामाला आलं. हात सरळ लांब करायचा. गोळा करंगळीच्या रुंदीत झाकला गेला तर तो खूप उंचावरचा सिरो-क्युम्युलस. तीन बोटांपेक्षा मोठा दिसला तर खालचा स्ट्रॅटो-क्युम्युलस. मधला तो अल्टो-क्युम्युलस. हे माप क्षितिजाजवळच्या ढगांना लावायचं नाही, बरंच वरचे ढग घ्यायचे.

जुलैत आमच्याकडे दिवसचे दिवस राखाडी ढग नैऋत्येकडून धावत असतात. सह्याद्रीने ओल आधीच काढून घेतलेली असते, त्यामुळे बरेचदा शिंतोड्यांपलीकडे काही होत नाही. हे स्ट्रॅटो-क्युम्युलस. त्यांच्यात पट्टे, फटी दिसतात, सूर्य कुठे आहे ते कळतं. झडीचा ढग, निंबो-स्ट्रॅटस, वेगळा. त्याला कड नसते, सूर्याचा पत्ता लागत नाही, सगळं आभाळ एकाच रंगाचं होतं. पहिल्यात 'तुरळक'चा अंदाज असेल तर मी फवारणी करते, दुसऱ्यात पंप घराबाहेर काढत नाही.

सगळ्यात मोलाचं शिकले ते वेगळंच. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगड-विदर्भाकडून आपल्या दिशेने सरकतो, तेव्हा खालचे ढग पश्चिमेकडून जात असतात आणि त्याच वेळी उंचावरचे पांढरे तंतू, सिरस, पूर्वेकडून पसरत येतात. दोन थर, दोन दिशा. रात्री चंद्राला खळं पडतं. मघा नक्षत्रात मुगाची तोडणी चालू असताना हे दिसलं आणि अंदाजात 'तुरळक'चं 'बऱ्याच ठिकाणी' झालं. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, शेंगा आजच पत्र्याखाली घ्यायच्या का? तुम्हीच सांगा." त्यांनी पूर्वेकडे पाहिलं आणि माणसं बोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून झड लागली. तापीचं वरचं खोरं मध्य प्रदेश-विदर्भात, त्यामुळे अशा वेळी हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमीही मागोमाग येते.

परतीच्या पावसात घाई असते. सकाळी अकराच्या सुमाराला सातपुड्यावर क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारखे ढग, उठू लागतात. ते उंचीपेक्षा रुंद राहिले तर चिंता नाही. फुलकोबीसारखी कड टणक दिसत ढग वर चढत राहिला, की त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. माथ्याची ती कड विस्कटून धुरकट झाली, की वर बर्फ तयार झालं, तो विजांचा ढग, क्युम्युलो-निंबस झाला. मग खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप बघायचं. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये येतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मजूर बायांना वावरातून बाहेर काढायचं, झाडाखाली नाही, पक्क्या घरात. थंड वाऱ्याचा झोत आला की वेळ संपली.

यावलला मामांची केळी आहे. तिथे मे-जूनच्या वादळापुढे हे सगळं अपुरं पडतं, कारण ढग ओळखून मिळतो तो फार तर तासभर, आणि उभी बाग उचलून आत ठेवता येत नाही. म्हणून घड लागलेल्या झाडांना आधार एप्रिलमध्येच द्यायचा आणि बांधावरची शेवरी दाट ठेवायची, असं मामांशी ठरलं आहे.