प्रज्ञान कुणाशी बोलतो?

"काका, प्रज्ञान बेंगळुरूशी बोलतच नाही. तो फक्त विक्रमशी बोलतो."

नौपाड्यातल्या एका गणपतीत चंद्रयान-३ चा देखावा आहे. विक्रम म्हणजे चंद्रावर उतरलेला लँडर आणि प्रज्ञान म्हणजे त्यातून बाहेर पडलेली छोटी गाडी, रोव्हर. माहिती सांगणाऱ्या काकांना दुसरी-तिसरीतल्या चिमुरडीने असं थांबवलं. काका हसले, रांग पुढे ढकलली. ती हटेना. "मग विक्रम झोपल्यावर त्याने कुणाशी बोलायचं?"

बरोबर होती ती. रोव्हर लँडरशी बोलायचा आणि लँडर पृथ्वीशी, म्हणजे बेंगळुरूजवळ ब्यालालूला असलेल्या ३२ मीटर व्यासाच्या अँटेनाशी. सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावर रात्र व्हायच्या आधी दोघांना झोपवलं. सूर्य उगवल्यावर हाका मारल्या, पण एकानेही ओ दिली नाही.

मला खटकली ती शेजारची पाटी. "२०१९ : अपयश."

तेव्हाच्या चंद्रयान-२ च्या लँडरचा (तोही विक्रमच) संपर्क तुटला, खरंय. पण त्याच मोहिमेचा ऑर्बिटर चंद्राभोवती फिरत राहिला, म्हणून चंद्रयान-३ बरोबर नवा पाठवावा लागला नाही. नवा विक्रम उतरायच्या दोन दिवस आधी "वेलकम, बडी" म्हणाला तो हाच! (लिहिलं असेल इस्रोतल्याच कुणीतरी. तरी मला आवडलं.)

घरात, ऑफिसातही आपण कामाच्या माणसाला असंच एका शब्दात मोडीत काढतो, ते वेगळंच.

मंडळवाल्यांना पाटी बदलायला सांगावं म्हणतेय. आरतीच्या घाईत ऐकतील का?