कॅशबॅक, बॅगा आणि थायलंड

परभणीच्या मोंढ्याजवळ मी लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. यंदा निम्म्या लोकांचा एकच प्रश्न, "ताई, कार्डाचे पॉइंट पडायलेत, ते बी दाखवावं लागतंय का?"

घरखर्चावरचे पॉइंट आणि कॅशबॅक मी दाखवत नाही. २,००० चा किराणा भरला, ४० परत आले, म्हणजे किराणा १,९६० ला पडला. ही सूट झाली, कमाई नव्हे. यासाठी वेगळं कलम नाही, पण चालत आलेला हिशेब हाच.

दुकानाचं तसं नाही. मृगाआधी सोयाबीनच्या बॅगा उचलताना आमच्या एका कृषी केंद्रवाल्या काकांनी कार्ड वापरलं. कॅशबॅकचे ४,००० त्यांच्या खात्यावर, खरेदी वहीत पूर्ण. मी ४,००० खरेदीतून वजा केले तर काका तडकले, "माह्या कार्डावर आलेत की, दुकानाच्या नाही." कार्ड तुमचं, कबूल. पण बिल तर दुकानाच्या खर्चात धरलंय ना काका?

त्यांचा खरा मामला होता थायलंडचा. टार्गेट झालं म्हणून कंपनीनं फिरवून आणलं, आठवडाभर स्टेटसला हत्तीचे फोटो. धंद्यातून मिळणारा असा लाभ वर्षात २०,००० च्या वर गेला की १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, लागतो. तो २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, दिसतो, आणि सहलीची किंमत धंद्याच्या उत्पन्नात धरावी लागते. बिलातली साधी सूट यात येत नाही, एवढं मात्र काकांना लगेच पटलं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडं नवीन खातं उघडून पैसे ठेवले की बँका बोनस देतात, आणि वर्ष सरलं की व्याज दाखवणारा १०९९-आयएनटी फॉर्म पाठवतात. बोनस म्हणजे व्याजच, त्यावर कर. खर्चावर मिळालेले कार्डाचे पॉइंट मात्र तिथंही सूटच. काकांना सांगितलं तर म्हणे, "मंग अमेरिकेतबी सुटका नाही व्हय!"

आपल्याकडं बचत खात्याचं व्याज लोक सोडून देतात. कर मोजायच्या जुन्या पद्धतीत त्यावर १०,००० पर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत तीही नाही, आणि एआयएसमध्ये, म्हणजे करखात्याकडच्या आपल्या वर्षाच्या माहितीत, ते बहुधा आधीच येऊन बसलेलं असतं. ४० रुपयांच्या कॅशबॅकवर अर्धा तास घालणारे लेकराच्या नावच्या एफडीबद्दल बोलतच नाहीत. लेकरू १८ च्या आत असेल तर ते व्याज आईबापात ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्याच रिटर्नमध्ये येतं.