कंपनी तुमच्या नावावर, टोकन त्याच्या खणात

तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या रस्त्याला असा एक तरी गाळा असतोच. बाहेर पाटी: पॅनकार्ड, सातबारा, जीएसटी, कंपनी नोंदणी. आत टेबलाच्या खणात पेनड्राइव्हसारखी दिसणारी वीस-पंचवीस टोकनं, प्रत्येकाला रबरबँडनं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर नाव, मोबाइल नंबर आणि पासवर्ड. प्रत्येक टोकनात एकेका माणसाची डिजिटल सही असते. ज्याच्या हाती टोकन आणि पासवर्ड, तो त्या माणसाच्या नावानं संचालक नेमू शकतो, कंपनीचा पत्ता बदलू शकतो, ताळेबंद भरू शकतो. गावातली भाषा साधी असते: "नुसती सही दे भाऊ, महिन्याला काही मिळेल." पुढं त्याच नावावर कोट्यवधींची बिलं फाटतात आणि जीएसटीची नोटीस ज्याच्या घरी येते, त्याच्याकडं तीन एकर कोरडवाहू असते.

मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करून घेणं, हा मुंबई-दिल्लीचा विषय आहे, ही समजूत सोडायला हवी. काळ्या पैशाला दोन गोष्टी लागतात, खरं नाव आणि खरा पत्ता. दोन्ही खेड्यात स्वस्त मिळतात. खासगी कंपनीला दोन संचालक आणि दोन भागधारक पुरतात. किमान भांडवलाची अट २०१५ मध्येच गेली. कार्यालयाच्या पुराव्याला दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि घरमालकाचं ना हरकत पत्र चालतं. नव्या उद्योजकासाठी ही सोय चांगलीच आहे, ती बंद करा असं कोणी म्हणू नये. पण मग तपासणीचा सगळा भार कंपनी काढून देणाऱ्यावर येतो.

कायद्यानं तो भार त्याच्यावर टाकलेलाही आहे. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेनं सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि कॉस्ट अकाउंटंट ग्राहकाच्या वतीनं मालमत्ता, पैसा, बँक खाती किंवा कंपन्यांचे व्यवहार करत असतील, तर ते मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. ९ मे २०२३ च्या अधिसूचनेनं बाकीचेही आले. दुसऱ्यासाठी व्यवसाय म्हणून कंपनी काढून देणारा, संचालक किंवा नावापुरता भागधारक मिळवून देणारा, नोंदणीकृत कार्यालयासाठी पत्ता पुरवणारा, असे सगळे. म्हणजे त्या गाळ्यातला माणूसही. त्याच्याकडं कुठलीच पदवी नसली तरी.

नुसत्या भाड्यानं जागा देण्याला सूट आहे, पण ती भाड्यावर टीडीएस, म्हणजे देतानाच आयकर, कापला जात असेल तेव्हाच. तीन हजारांच्या खोलीवर टीडीएस कापलाच जात नाही. एक खोली एकदा भाड्यानं देणारा शेतकरी हा व्यवसाय करणारा नव्हे, हे खरं. पण एकाच वीजबिलावर पाच-सहा कंपन्या बसवून देणाऱ्याला 'मी फक्त खोली दिली' म्हणता येणार नाही.

या यादीत आलेल्यानं करायचं काय? संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंदणी, एक जबाबदार अधिकारी, ग्राहकाची ओळख, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. कागद व्यवहारापासून पाच वर्षं जपायचे, ओळखीचे कागद संबंध संपल्यावर पाच वर्षं. अहवाल दिल्याचं ग्राहकाला सांगायचं नाही. चुकल्यास प्रत्येक चुकीला १० हजार ते १ लाख रुपये दंड होऊ शकतो.

ओळख म्हणजे आधारची झेरॉक्स नव्हे. कंपनीत १० टक्क्यांहून जास्त वाटा किंवा प्रत्यक्ष ताबा असलेला माणूस शोधायचा. २०२३ पूर्वी ही मर्यादा २५ टक्के होती. शेतकरी उत्पादक कंपनीत तीनशे सभासद असले तर १० टक्क्यांवर कोणीच निघत नाही. तिथं कारभार पाहणारा वरिष्ठ अधिकारी नोंदवावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. होणाऱ्या संचालकाला एकटं बसवून तीन प्रश्न विचारा: कंपनी काय विकणार, पैसा कुणाचा, बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार? तो उत्तरासाठी बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडं बघायला लागला, तर काम तिथंच थांबवा.

आपल्या भागात कापसाच्या नावावर कागद रंगवणं सोपं पडतं. शेतकरी बिल देत नाही. त्याच्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी खरेदीदारच भरतो, बिलही तोच बनवतो. पण कापूस खोटं बोलू देत नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. दहा हजार गाठी विकल्याचं दाखवणाऱ्यानं पन्नास हजार क्विंटल आणलेला असला पाहिजे. एका ट्रॉलीत पंचवीस क्विंटल धरले तरी दोन हजार ट्रॉल्या. एवढ्या काटापावत्या कुठं आहेत? जिनिंगचं वीजबिल किती? रुई काढल्यावर उरणारं बी, म्हणजे सरकी, कुणाला विकली? ताळेबंदावर सही करण्याआधी हे गणित दहा मिनिटांत होतं. सरकीचा हिशोब तर आवर्जून मागावा, खोटी खरेदी दाखवणारे नेमका तोच विसरतात.

आता सही देऊन बसलेल्यांसाठी. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून आपल्या नावावर कुठले नंबर आहेत ते फुकट दिसतं. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडा, न केलेले व्यवहार तिथं सापडतात. कंपनी खात्याच्या पोर्टलवर संचालक क्रमांकावरून कुठल्या कंपन्यांत नाव आहे ते कळतं.

नको तिथं नाव निघालं तर क्रम चुकवू नका. राजीनाम्याच्या मागं आधी लागलात तर गाडी अडते, कारण कंपनी तो कळवत नसेल तेव्हा स्वतः डीआयआर-११ हा राजीनाम्याचा फॉर्म कंपनी खात्याकडं भरावा लागतो आणि त्याला डिजिटल सही लागते, जी त्या खणात पडलेली असते. म्हणून पहिल्यांदा सही देणाऱ्या प्रमाणन संस्थेकडून जुनी सही रद्द करून घ्या. मग स्वतःच्या मोबाइलवर नवी काढा. मग राजीनामा कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा, आणि नंतर फॉर्म. सही परस्पर वापरली गेली असेल तर पोलिसांत आणि कंपनी निबंधकाकडं तक्रार त्याच आठवड्यात द्या. राजीनाम्याआधीच्या काळातली जबाबदारी राजीनाम्यानं सुटत नाही, तेव्हा जुनी सही रद्द झाल्याचा ईमेल आणि पोस्टाची पोच सातबाऱ्यासारखी जपून ठेवा.