ज्येष्ठमधाची काडी आणि ४५ कोटी वर्षांपूर्वीचा ग्राही

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा तिने ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून ज्येष्ठमधाच्या काड्या आणवल्या आणि दिवसभर एकेक काडी दाढेखाली धरून चघळायला सुरुवात केली. खोकला गेला, पण काडीची सवय राहिली. दिवाळीच्या सुमारास तिच्या पायांवर सूज दिसू लागली, जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या आणि वर्षानुवर्षे गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब वाढला. तपासणीत रक्तातील पोटॅशियम २.९ निघाले, ते साधारण ३.५ ते ५ असावे लागते. नौपाड्यातील आमच्या डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दोनदा वाचली आणि मग विचारले, "आजी, ज्येष्ठमध वगैरे काही घेता का तुम्ही?" काडी बंद झाली, काही आठवडे पोटॅशियमचे औषध घ्यावे लागले आणि तब्येत पूर्ववत झाली.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. कॉर्टिकॉइड ग्राहींची, म्हणजे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके ओळखणाऱ्या पेशींतील प्रथिनांची, उत्क्रांती हा माझा आवडता विषय, तरीही माझ्याच घरात हे घडताना मला ते ओळखता आले नाही, याची रुखरुख अजून आहे.

शरीरात मीठ राखून ठेवण्याचा हुकूम मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देते. ते पेशीतील मिनरॅलोकॉर्टिकॉइड ग्राहीला जाऊन चिकटते, ग्राही केंद्रकात शिरून ठरावीक जनुके जागी करतो, सोडियम परत शोषले जाते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. अडचण अशी, की हाच ग्राही कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकालाही तितक्याच तत्परतेने जवळ करतो, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शंभर पटींहूनही अधिक असते. म्हणून मूत्रपिंडाच्या त्या पेशींत एक एन्झाइम पहाऱ्याला असते. आत आलेल्या कॉर्टिसॉलचे ते कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते आणि कॉर्टिसोन या ग्राहीला चालत नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनपासून आतड्यात जे आम्ल तयार होते, ते नेमके हेच एन्झाइम बंद पाडते. पहारा उठला, की कॉर्टिसॉल मिठाचा कारभार हाती घेते. आईच्या पायांवरची सूज ही त्या कारभाराची खूण होती.

ग्राही इतका ढिला का असावा, हा प्रश्न मला वैद्यकापेक्षा इतिहासाचा वाटतो. जबडा नसलेल्या लॅम्प्रे आणि हॅगफिश या माशांत मिनरॅलोकॉर्टिकॉइड आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड (म्हणजे मुख्यतः कॉर्टिसॉलचा) असे दोन वेगळे ग्राही नाहीत, एकच आहे. जबड्याच्या पृष्ठवंशींकडे जाणाऱ्या शाखेत त्या जुन्या जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि दोन्ही प्रती आपापल्या वाटेने बदलत गेल्या. जेमी ब्रिजम, शॉन कॅरल आणि जोसेफ थॉर्नटन या संशोधकांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या कामात आजच्या अनेक प्राण्यांच्या ग्राहींची तुलना करून सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या मूळ ग्राहीचा अमिनो आम्लांचा क्रम काढला, ते प्रथिन प्रयोगशाळेत पेशींकडून प्रत्यक्ष तयार करून घेतले आणि त्याच्यावर संप्रेरके आजमावली. त्याने अल्डोस्टेरॉनला उत्तम प्रतिसाद दिला. त्या काळी मात्र अल्डोस्टेरॉनच नव्हते. ते फार पुढे, चतुष्पाद प्राण्यांच्या शाखेत आले. वर्गात आम्ही ग्राही आणि संप्रेरक यांना सर्रास कुलूप-किल्ली म्हणतो. हा प्रयोग वाचल्यापासून मला ती उपमा वापरवत नाही, कारण कोणताही कारागीर किल्लीच्या आधी काही कोटी वर्षे कुलूप घडवून ठेवत नाही. तो जुना ग्राही दुसऱ्याच, अधिक साध्या स्टेरॉइडसाठी राबत होता. अल्डोस्टेरॉनचा आकार त्याच्या पोकळीत बसला, इतकेच.

ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही अल्डोस्टेरॉनची ओळख विसरला तो प्रामुख्याने त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतील दोन बदलांमुळे: १०६ व्या जागी सेरीनऐवजी प्रोलीन आणि १११ व्या जागी ल्युसीनऐवजी ग्लुटामीन. एकटा दुसरा बदल केला तर ग्राही जवळजवळ निकामी होतो. पहिला आधी झाला तर मात्र तो एका साध्या स्टेरॉइडच्या आधारे काम करत राहतो आणि मग दुसरा बदल कॉर्टिसॉलचा प्रतिसाद परत मिळवून देतो. म्हणजे वाट होती, पण क्रम चुकून चालणार नव्हते. त्याच गटाने २००९ मध्ये दाखवले, की नंतर झालेल्या इतर पाच बदलांमुळे परतीची वाटही बंद झाली.

मिनरॅलोकॉर्टिकॉइड ग्राही मात्र आपल्या जुन्या स्वभावाला बराचसा धरून राहिला, आणि आपल्या मूत्रपिंडात त्याच्या शेजारी पहारेकरी ठेवण्याची गरज त्यातूनच उरली.

परवा चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून जिताडा आणला. त्यांनी कल्ले उघडून लाल रंग दाखवला, तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे पाहत राहिले. जिताडा खाडीच्या खाऱ्या पाण्यात आणि नदीच्या गोड्या पाण्यात सारख्याच सहजतेने राहतो, पण त्याच्यासारख्या अस्थिमत्स्यांत अल्डोस्टेरॉन तयार होत नाही. कल्ल्यांतल्या पेशींनी मीठ किती बाहेर टाकायचे, याच्या नियमनात त्यांच्याकडे कॉर्टिसॉलचाच मोठा वाटा असतो. आईला मी हे सांगितले, तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. तिने विचारले, "म्हणजे माझं जे बिघडलं, ते ह्याचं रोजचंच आहे?" बऱ्याच अंशी तसेच आहे, असे मी म्हणाले.